मार्चअखेरची कासवं

कोकण किनाऱ्यावर मार्च महिना दोन कारणांनी धावपळीचा. एक म्हणजे, थंडीत घातलेल्या अंड्यांतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच सुमाराला वाळूवर येतात. आणि दुसरं, एकतीस तारखेला आर्थिक वर्ष संपतं. पहिल्या कारणासाठी मुंबई-पुण्याहून गाड्या भरून माणसं येतात, कॅमेरे येतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. दुसऱ्यासाठी कुणी येत नाही. फार तर सीएंच्या ऑफिसातून फोन येतो, की पेट्रोलची व्हाउचरं अजून मिळालेली नाहीत.

निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या छोट्या संस्थांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. ते लिखाण बहुतेक वेळा पिल्लापाशी सुरू होतं आणि पिल्लापाशीच संपतं. मला त्या व्हाउचरांबद्दल लिहायचं आहे. पण पिल्लांना वगळून ती कळायची नाहीत, म्हणून आधी वेळासला जाऊ.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्यापलीकडे वेळास आहे. नाना फडणवीसांचं हे गाव. श्रीवर्धनकडून येणारे बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवतात आणि वेश्वीला उतरतात. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, शेवटी सुरूचं बन आणि किनारा. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं इथं आली ती कासवांसाठी नव्हे. ती समुद्री गरुडाची घरटी मोजत किनारा धरून निघाली होती. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, की कासवं दरवर्षी येतात आणि त्यांची अंडी काढून खाल्ली जातात, विकली जातात. कुत्री-कोल्ही उरलेली संपवतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि हे कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण. किनाऱ्यावर तो कागद पोहोचला नव्हता.

भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी ही संस्था १९९२ साली काढली होती. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची तस्करी चालायची, तिच्याविरुद्धच्या कामामुळे संस्थेचं नाव झालेलं होतं. पुढे गिधाडं आली, खवले मांजर आलं. पण संस्था लोकांना माहीत झाली ती कासवांमुळे.

कासवांचं काम म्हणजे नक्की काय, हे एकदा जवळून पाहिलं पाहिजे. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी घागरीसारखा खड्डा खणते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने ती दाबते आणि निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. पहाटे राखणदार किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. वाळूवर तिच्या येण्याजाण्याचा माग असतो, तो भरतीने पुसायच्या आत गाठायचा. घरटं नेमकं कुठे ते काठी हलके टोचून, वाळूचा पोकळपणा हाताला लागतो त्यावरून ठरवायचं. जोर जास्त झाला तर अंडं फुटतं. मग अंडी एकेक काढायची, ती ज्या बाजूने वर होती तीच बाजू वर ठेवायची, आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून त्यात मांडायची. वर तारखेची पाटी. पिल्लं यायचे दिवस जवळ आले की त्या जागेवर टोपली पालथी घालायची.

ही नजर आणि हा हात कुणाकडे होता? जे अंडी काढायचे त्यांच्याकडेच. तेव्हा कामाला त्यांनाच घ्यायचं, हे शहाणपण संस्थेने दाखवलं. वेळासच्या सगळ्या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, कारण तिला पुस्तकातलं ज्ञान लागत नाही, पगार लागतो. आणि इथंच हिशेब सुरू होतो. अंडी पुरल्यापासून पिल्लं बाहेर येईपर्यंत साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस जातात. या काळात दाखवण्यासारखं काहीही घडत नाही. फोटो काढावा असा क्षण नाही, फीत कापायला जागा नाही. एक माणूस कुंपणापाशी असतो, एवढंच. देणगीदाराला पिल्लू सोडताना यायला आवडतं. त्या साठ दिवसांना देणगीदार मिळत नाही.

२००६-०७च्या सुमाराला संस्थेने कासव महोत्सव सुरू केला. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडायची, ती पाहायला लोकांनी यायचं, आणि राहायचं गावकऱ्यांच्या घरात. हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. जेवण घरचं, त्यात उकडीचे मोदक. राहण्या-जेवणाचे पैसे घरात. हळूहळू गावातल्या लोकांनीच व्यवस्था हातात घेतली, कासव मित्र मंडळ उभं राहिलं. अंजर्ल्यासारख्या इतर गावांनी हा धडा उचलला. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला, आणि किनाऱ्यावरचं हे काम वन विभागाच्या यंत्रणेत आलं.

आता हे हिशेबाच्या डोळ्यांनी पाहा. महोत्सवाने गावात जे पैसे आणले, ते संस्थेच्या रोजकीर्दीतून गेले नाहीत. जाऊच नयेत, तीच तर कल्पना होती. पण त्यामुळे संस्थेचं सगळ्यात मोठं यश तिच्या ताळेबंदात शून्य दिसतं. उत्पन्न गावाचं, श्रेय थोडं वन विभागाचं, आणि सुरुवातीच्या वर्षांतला खर्च मात्र संस्थेचा. संवर्धन शिक्षणात हे असंच व्हायला हवं असतं. मूल शिकलं की शिक्षकाची गरज संपते. मात्र अशा गरज संपवणाऱ्या कामाला दरवर्षी पैसे कुणी आणि का द्यायचे, याचं उत्तर आपल्या देणगीच्या संस्कृतीकडे नाही.

पर्यटनावर सगळं सोपवावं, असं म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. ऐन हंगामात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. पिल्लांना त्याची खबर नव्हती, ती यायची तेव्हा आली. पर्यटक आले नाहीत. त्यातून सावरायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, आणि मंडणगड-दापोलीच्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरेपर्यंत वर्षं जातात. एकाच वर्षात वाडीचं आणि पाहुण्याचं, दोन्ही उत्पन्न गेलं. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. हाताशी राखीव रक्कम असणं हा छोट्या संस्थेचा चैनीचा विषय नाही, हे त्या दोन वर्षांनी कोकणाला शिकवलं. पण ‘आमच्या कायम निधीला देणगी द्या’ म्हटलं की समोरचा माणूस अस्वस्थ होतो. त्याला वाटतं, पैसे काम करण्यासाठी मागावेत, बँकेत ठेवण्यासाठी कसले मागता?

कासवांची गोष्ट तरी डोळ्यांना दिसते. शाळेतल्या कामाचं काय?

पर्यावरण शिक्षण सगळ्या टप्प्यांवर सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात १९९१ साली सांगितलं. आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहेच. पुस्तकं वाईट नाहीत. पण दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामं उरकून गुरुजींनी मुलांना ओढ्यावर न्यावं, ही अपेक्षा जरा जास्तच. तिथं संस्थेचा कार्यकर्ता लागतो. तो मोटरसायकलवरून येतो, पाठीवर दुर्बिणी आणि सापांचे तक्ते. पहिल्या भेटीत मुलं त्याला ‘सर’ म्हणतात आणि गप्प बसतात. दुसऱ्या भेटीत विचारतात, मांडूळ खरंच दोन तोंडांचं असतं का. तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखादं पोर मधल्या सुट्टीत जवळ येऊन सांगतं, की आमच्या रानात खवल्या मांजराचं बीळ आहे, बाबांना माहितीय. तस्करीच्या काळात ही माहिती पोलिसालाही मिळत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या भेटीतच मिळते.

याचा हिशेब मांडून पाहू. आकडे माझे, समजुतीपुरते. समजा तालुक्याच्या गावी एक संस्था आहे, दोन कार्यकर्ते आहेत. प्रत्येकी महिना अठरा हजार रुपये, म्हणजे वर्षाला ४,३२,०००. शाळेच्या दहा महिन्यांचं दोघांचं पेट्रोल ६०,०००. खोलीचं भाडं आणि वीज ७२,०००. हिशेब तपासणी आणि सरकारी विवरणपत्रं ४०,०००. साहित्य ५०,०००. एकूण ६,५४,०००. एवढ्यात चाळीस शाळांना वर्षातून सहा-सहा भेटी होतात, म्हणजे दोनशे चाळीस भेटी. भेटीमागे २,७२५ रुपये. शाळेमागे पंचवीस मुलं धरली तर हजार मुलं, आणि मुलामागे वर्षाला ६५४ रुपये.

आता तेवढ्याच पैशांत दुसरं काम करता येतं. दोनशे चाळीस शाळांना एकेकदाच जायचं. भेटी तेवढ्याच, खर्च फार तर पेट्रोलमुळे जरा जास्त. अहवालात मात्र ‘लाभार्थी विद्यार्थी ६,०००’. मुलामागे खर्च १०९ रुपये. पैसे देणाऱ्या समितीपुढे हे दोन प्रस्ताव ठेवले, तर कोणता मंजूर होईल हे सांगायला ज्योतिषी नको. आणि मांडुळाचा प्रश्न दुसऱ्या भेटीत येतो. दुसरी भेट या प्रस्तावात नाहीच.

खर्चात दोन तृतीयांश वाटा पगाराचा आहे, हेही समितीला खटकतं. ‘एवढा पैसा पगारावर?’ वास्तविक इथं पगार म्हणजेच काम आहे. धरण बांधायचं तर सिमेंटवर खर्च होतो, शिकवायचं तर माणसावर होणार. तरीही अर्जात ‘पगार’ ऐवजी ‘प्रशिक्षण मानधन’, ‘क्षेत्रभेट समन्वय’ असली नावं शोधावी लागतात. अनेक संस्थांची कल्पकता या नावांत खर्च होते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाने हे बदलेल असं २०१४ साली वाटलं होतं. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांतलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करणं कंपनी कायद्याने आलं. यादीत पर्यावरण आहे, शिक्षणही आहे. पैसा आला, पण कारखाने आणि मुख्यालयं जिथं आहेत तिथं जास्त. कायद्यातच आपल्या परिसराला प्राधान्य द्या असं म्हटलेलं आहे. मंडणगडच्या परिसरात अशी कंपनी कुठून आणायची? शिवाय एकाहून अधिक वर्षांचा प्रकल्प घेतला तरी तो सुरू झाल्याच्या वर्षानंतर तीनच वर्षं चालू शकतो. कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. हा नियम कंपनीसाठी असला, तरी वाटाघाटीत तोच पाचाचा आकडा संस्थेपुढे ठेवला जातो. वरच्या हिशेबात भाडं आणि हिशेब तपासणी मिळूनच सतरा टक्के होतात. पाच टक्क्यांत बसायचं तर एक तर खोली सोडायची, नाही तर खोटं लिहायचं.

आणखी एक अवघड जागा. चिपळूणजवळ लोटे-परशुरामची रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. अशा कुठल्याही वसाहतीच्या शेजारच्या संस्थेला पैसे मिळण्याची सर्वांत जवळची जागा तीच असते. घ्यावेत का? ‘घ्या, निदान चांगल्या कामाला लागतील,’ असं म्हणणारे प्रामाणिक लोक मी ऐकले आहेत, आणि ‘मग खाडीवर बोलताना जीभ अडखळेल’ असं म्हणणारेही. मला दुसऱ्यांचं पटतं. पण दुसऱ्या बाजूला बसलेल्या कार्यकर्त्याचा पगार तीन महिने थकलेला असेल, तर माझ्या पटण्याला काही अर्थ नाही.

परदेशी मदतीचं दार २०२०च्या सप्टेंबरात अरुंद झालं. परकीय निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. पैसे घ्यायला दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं सक्तीचं झालं. आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली. शेवटचा घाव छोट्यांवर बसला. मोठी संस्था बाहेरून निधी आणायची, इंग्रजी अहवाल लिहायची, आणि त्यातला तुकडा गावातल्या छोट्या संस्थेला द्यायची, ही वाट बंद झाली. गैरप्रकार होत नव्हते असं नाही. पण बाहेरच्या देणगीदाराला जे गाव नकाशावर सापडत नाही, तिथं पैसा पोचायची तीच वाट होती.

मग उरतो आपला देशी, मध्यमवर्गीय देणगीदार. चितळ्यांची बाकरवडी आणावी तशा सहजपणे संस्थेच्या टेबलावर हजार रुपये ठेवणारा, आणि लगेच ‘ऐंशी-जी मिळेल ना?’ विचारणारा. देणगीवरची ही करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात ती नाही. त्यामुळे पावती आता नुसती पावती उरली. रोख दोन हजारांच्या वर दिले तर जुन्या प्रणालीतही सवलत नाही. संस्थेने प्रत्येक देणगीदाराचा पॅनसारखा ओळखक्रमांक घेऊन वर्षाअखेर विवरण भरायचं, ते वेगळंच. पुस्तकाच्या स्टॉलवर पाचशेची नोट काढणाऱ्या आजोबांना पॅन विचारला की ते नोट परत खिशात घालतात.

अशा संस्थेतला हिशेबाचा दिवस पाहण्यासारखा असतो. चपलांच्या खोक्यात वर्षभराची बिलं. पेट्रोल पंपाची छापील चिठ्ठी चार महिन्यांत पांढरी पडते, म्हणून झेरॉक्स काढून जोडायची. होडीवाला बिल देत नाही, टपरीवाला देत नाही. त्यांच्यासाठी हाताने व्हाउचर लिहायचं, सही घ्यायची, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावायचं. दहा हजारांच्या वर रोख द्यायचे नाहीत, नाही तर तो खर्च करासाठी खर्चच धरला जात नाही. किनाऱ्यावरच्या राखणदाराचं बँक खातं तालुक्याच्या गावी. तिथं जायला त्याला एक दिवस मोडावा लागतो आणि त्या दिवशी किनाऱ्यावर पहाटे कुणी नसतं. उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के त्याच वर्षात खर्च व्हायला हवेत, म्हणून फेब्रुवारीत आलेल्या देणगीची आनंदाऐवजी धास्ती. धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत फेरफार अर्ज. एक विश्वस्त वारले आणि अर्ज राहून गेला, तर पुढची कित्येक वर्षं संस्थेच्या कागदावर ते हयात असतात आणि बँक सह्या बदलून देत नाही.

हे नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब द्यायलाच हवा. पण शंभर कोटींच्या न्यासाला आणि साडेसहा लाखांच्या संस्थेला खोकं जवळपास सारखंच भरावं लागतं. मोठ्याकडे त्यासाठी विभाग असतो. छोट्याकडे तोच मोटरसायकलवाला असतो, आणि तो बिलं चिकटवत असतो तेव्हा शाळेत नसतो.

पैसा थेट माणसापर्यंत पोचवणारे प्रयोग आहेत. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पालगत नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, वन विभाग आणि निशी समाजाची घोरा-आभे संस्था मिळून धनेशाची घरटी राखतात. शहरातला माणूस एक घरटं दत्तक घेतो, त्याचे पैसे ते घरटं राखणाऱ्या गावकऱ्याच्या पगाराला जातात. यात मला आवडतं ते हे, की देणगीदाराला पगार उघडपणे सांगितलेला असतो. तो लपवावा लागत नाही. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते त्या काळात तिथंही दाखवण्यासारखं फारसं काही नसतं, तरी लोक पैसे देतात.

कामाचा काळ आणि पैशाचा काळ यांतलं अंतर किती, याचं एक उदाहरण गुहागरच्या किनाऱ्यावर मिळालं. २०२५च्या जानेवारीत तिथं अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी तिला २०२१च्या मार्चमध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावली होती. पूर्व किनाऱ्याची कासवं पश्चिमेला अंडी घालतात, याचा पुरावा त्या एका पट्टीने दिला. तिचं उत्तर यायला जवळपास चार वर्षं लागली. त्या दरम्यान पट्टी लावणाऱ्या पथकाकडे कुणी ‘तिमाही प्रगती’ मागितली असती, तर ‘प्रतीक्षेत’ एवढंच लिहिता आलं असतं. वेळासला २००२-०३च्या हंगामात सोडलेल्या पिल्लांपैकी माद्या वाढून परत आल्या का, हे विचारायलाही एक दशकाहून अधिक थांबावं लागलं असतं. दहावीतल्या मुलीने सापाला मारू दिलं नाही, याचं श्रेय चौथीतल्या भेटीला जातं, पण त्या भेटीचा अहवाल कधीच बंद झालेला असतो.

२०२५ साली या छोट्या संस्थांची दिवाळी एका कागदाभोवती गेली. २०२१मध्ये आयकर खात्याने सगळ्या धर्मादाय संस्थांची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करून दिली होती. तिची मुदत मार्च २०२६ला संपणार होती, आणि अर्ज सहा महिने आधी, सप्टेंबरअखेर करायचा होता. २०२५च्या अर्थसंकल्पाने पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांना ही नोंदणी दहा वर्षांसाठी द्यायचं ठरवलं, हे चांगलं झालं. ऐंशी-जीची मंजुरी मात्र पाच वर्षांचीच राहिली. म्हणजे दोन कागद, दोन मुदती, आणि दोन्ही लक्षात ठेवणारा माणूस एकच. पगाराचा प्रश्न तर होताच. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या. कंपन्यांचे करार अनेक ठिकाणी दिवाळीच्या तोंडावर होतात, आणि पहिला हप्ता त्यानंतर. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत जो कार्यकर्ता शाळेत जात होता, त्याला पगार कुणी दिला, हे शोधलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर खजिनदाराच्या स्वतःच्या पासबुकात सापडेल. ताळेबंदात ती रक्कम ‘उसनवार, विश्वस्तांकडून’ या नावाने देणी बाजूला असते, आणि कित्येक वर्षं तिथंच असते.